गावानं विकत घेतलेला पब आणि आमची डिस्टिलरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडमधल्या खेड्यांविषयी एक छोटं टिपण आलं होतं. गावातला एकुलता एक पब बंद पडायला आला की गावकरी पैसे गोळा करतात, सहकारी संस्था नोंदवतात आणि पबच विकत घेतात, असा त्याचा मजकूर. पुढच्या रविवारी त्यावर एका वाचकांचं पत्र आलं. दारूच्या गुत्त्याला सहकार म्हणणं ही सहकाराची विटंबना आहे, असल्या बातम्या छापून आपण पोरांपुढं काय ठेवतो, असं त्यांनी विचारलं होतं. खाली सही, ‘सहकार चळवळीतला एक कार्यकर्ता’. मीही त्याच चळवळीत होतो, फक्त पगारी. म्हणून हा कागद.

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी ३१ वर्षं केमिस्ट होतो. साखर निघून गेल्यावर जी काळी, काकवीसारखी मळी उरते, तिच्यात पाणी घालायचं, यीस्ट सोडायचं, ३०-३२ अंशांवर दीडेक दिवस आंबवायचं, सात-आठ टक्के अल्कोहोल झालं की कॉलमला, म्हणजे दारू उकळून वेगळी काढायच्या उंच मनोऱ्याला, चढवायचं. एक टन मळीतून साधारण २२५ ते २५० लिटर स्पिरिट निघतं. त्यातलं काही औषधांना जायचं, काही रसायनांना, हल्ली पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. आणि बरंचसं जायचं देशी दारूच्या बाटलीत, जिच्यावर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. मी स्वतः कधी पीत नव्हतो. आमच्या सौभाग्यवती माळकरी, आणि लग्नापासून घरात एक तह आहे: डिस्टिलरीचे कपडे अंगणातच उतरायचे, नाहाणीत जायचं, मग घरात. मळीचा वास काय असतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या तहात काही वावगं वाटणार नाही.

पत्रलेखकांना माझी पहिली विनंती एवढीच की आपल्याकडच्या एखाद्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल त्यांनी शेवटच्या पानांपर्यंत वाचावा. पुढं अध्यक्षांचं मनोगत, मग ऊस, गाळप, उतारा. मागं कुठंतरी ‘उपपदार्थ प्रकल्प’ असं एक पान. साखरेचे भाव पडले त्या वर्षी आम्ही सभासदांना जो दर दिला, त्यात या पानाचा हात किती होता हे कारखान्यात सगळ्यांना माहीत असायचं. १४ नोव्हेंबरला सहकार सप्ताह सुरू झाला की व्यासपीठावरून इंग्लंडमधल्या रॉचडेलचं नाव निघायचं, १८४४ साली अठ्ठावीस जणांनी काढलेल्या त्या पहिल्या-वहिल्या म्हणवल्या जाणाऱ्या सहकारी दुकानाचं. आम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचो आणि रात्रपाळीला जाऊन कॉलम चालू करायचो. त्या भाषणांत ‘दारू’ हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. शब्द होता, उपपदार्थ.

तेव्हा सहकाराची आणि दारूची गाठ विलायतेत पडली असं कुणी म्हणू नये. ती कृष्णाकाठीही पडलेली आहे. आम्ही फक्त तिचं नाव बदललं.

आता ज्या पबवरून हे रामायण झालं, तसा एक पब मी पाहिला आहे.

२०१६ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडं गेलो होतो. ती इंग्लंडच्या अगदी वरच्या टोकाला, कार्लाइलच्या रुग्णालयात परिचारिका आहे. जावई कऱ्हाडचे, संगणकातले. एका रविवारी जावई म्हणाले, “मामा, तुम्हाला तुमच्या खात्यातलं काहीतरी दाखवतो.” गाडीनं वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला गेलो. रस्ता आपल्या गाडीवाटेएवढा, दोन्ही बाजूंना चुन्याशिवाय रचलेल्या दगडी भिंती, आणि राखी अंगाच्या, पांढऱ्या तोंडाच्या मेंढ्या. गावाचं नाव हेस्केट न्यूमार्केट. नावात मार्केट आहे, पण बाजार कधीच मोडला. गावाच्या मधल्या हिरवळीवर खांबांवर छप्पर असलेली जुनी बाजाराची ओसरी तेवढी उभी आहे. मागं कॅरक फेल नावाचा डोंगर. १८५७ साली चार्ल्स डिकन्स आणि विल्की कॉलिन्स हे दोन लेखक या गावी उतरले होते. भर पावसात त्या डोंगरावर गेले, वाट चुकले आणि कॉलिन्सचा पाय मुरगळला. तिथल्या लोकांना ही गोष्ट इतकी आवडते की पाय काल मुरगळल्यासारखी सांगतात.

पबचं नाव ओल्ड क्राउन. मी पब म्हटल्यावर पुण्यातली काचेची दारं आणि छातीत धडधडणारं संगीत डोळ्यांपुढं आणलं होतं. हे एक जुनं दगडी घर निघालं, आपल्याकडच्या माडीच्या घराएवढं. आत बुटकं छत, कोपऱ्यात शेगडी, दोन बाकं, एका बाकाखाली झोपलेलं कुत्रं. फळ्यावर खडूनं जेवणाचे पदार्थ लिहिलेले, त्यात ‘करी’ होती. सौभाग्यवती दारातच थांबल्या. “आवं, हितं माळंला चालंल का?” जावयांनी चहा मिळतो असं सांगितल्यावर त्या आत आल्या. शेगडीजवळ दोन म्हाताऱ्या बायका लोकर विणत बसल्या होत्या, त्यांच्यापुढं अर्धे-अर्धे ग्लास. त्यांनी सरकून जागा दिली. भाषेचा प्रश्नच आला नाही. विणकाम दाखवायला इंग्रजी लागत नाही.

मला बघायचं होतं मागचं आवार. पबच्या मागच्या कोठारात त्यांची दारूभट्टी होती. भट्टी हा आपला शब्द. ते ब्रुअरी म्हणतात, आणि तिथली दारू म्हणजे बिअर. १९८८ साली पब चालवणारे जिम आणि लिझ फर्नली यांनी ती घातली. सगळा पसारा आमच्या कारखान्यात यीस्ट वाढवायच्या खोलीत मावला असता. एक मनुष्य पाण्याच्या नळीनं फरशी धूत होता. मी केमिस्ट आहे असं जावयांनी सांगताच त्यानं नळी टाकली आणि हात पुसून पुढं आला. पुढचा तासभर आम्ही जे बोललो ते जावयांना निम्मं कळलं नसावं.

वाचकांसाठी थोडक्यात. सातूला, म्हणजे जवाला, मोड आणून, वाळवून, मंद भाजून घेतात. तो भरडा साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर भिजवला की धान्यातला स्टार्च गोड होतो. तो गोड काढा निथळून घ्यायचा, हॉप्स नावाच्या वेलाची फुलं टाकून तासभर उकळायचा. कडवटपणा त्या फुलांचा. मग निववायचा आणि यीस्ट घालायचं. हे यीस्ट वर येतं, दाट फेसाची साय धरतं, आणि त्या सायीतलं थोडं काढून पुढच्या घाण्याला लावतात. आपलं विरजणच. आम्ही दीड दिवसात आंबवून मोकळे व्हायचो. हे लोक २० अंशांच्या आसपास चार-पाच दिवस थांबतात. “घाई केली तर चव जाते,” तो म्हणाला. आम्हाला चवीशी कर्तव्यच नव्हतं. कॉलममधून येणाऱ्या स्पिरिटला चव नसणं हीच आमची परीक्षा होती. तीस वर्षं ज्या वस्तूची चव घालवण्यासाठी मी पगार घेतला, त्याच वस्तूची चव राखण्यासाठी हा माणूस फरशी धुतोय, हे मला जरा लागलं.

मग पिंपात भरायची. त्यांच्या नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात, नऊ गॅलनचं, म्हणजे ४१ लिटरच्या आसपास. त्यात ७२ पाइंट बसतात. पाइंट ५६८ मिलिलिटरचा. पिंपात यीस्ट जिवंतच असतं, तळघरात ११ ते १३ अंशांत दारू तिथंच पिकते. वर आणतात ती हातपंपानं, आपल्या हापशासारखा दांडा ओढून. आणि एकदा पिंप फोडलं की तीन-चार दिवसांत संपवावं लागतं, नाहीतर आंबट. म्हणजे मोठा साठा करून ठेवता येत नाही, लांब पाठवून धंदा करणंही जड जातं. जवळ पिणारे हवेत.

दारू नितळ करायला आयझिंग्लास नावाचा पदार्थ घालतात, तो माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपले पालघरकडचे कोळी घोळ माशाची पिशवी केवढ्याला विकतात ते आपण बातम्यांत वाचतोच. हे मी आत जाऊन सौभाग्यवतींना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “दारूतबी मासा?”

मी विचारलं, चोथ्याचं काय करता? भिजवून निथळलेला सातू शेजारचा शेतकरी गुरांना घेऊन जातो, त्यानं सांगितलं. मी गप्प झालो. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं दहा-पंधरा लिटर स्पेंट वॉश उरतो, तांबडाकाळा, नाकाला झोंबणारा. एका हंगामात आमच्याकडं तो साठवणीच्या तळ्यातून ओढ्यात गेला. सकाळी नदीचं पाणी चहासारखं झालं होतं आणि मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. पंचनामा झाला. त्या दिवशी पाळीला मी नव्हतो, पण रजिस्टरवर सह्या माझ्याच खात्याच्या होत्या. पुढं आम्ही त्यापासून गॅस करायला लागलो, खतात मुरवायला लागलो, सुधारलो, हे मान्य. पण ती सकाळ मी विसरलेलो नाही. ज्या मच्छीमाराची जाळी त्या आठवड्यात रिकामी गेली, तो आमच्या कारखान्याचा सभासद नव्हता. वार्षिक सभेत उभं राहून विचारायचा हक्क त्याला नव्हता.

इथंच मला पत्रलेखकांशी खरं भांडायचं आहे.

फर्नली दांपत्य थकल्यावर भट्टीचं काय होणार हा प्रश्न आला. तिथले पुष्कळ पब कुठल्यातरी मोठ्या ब्रुअरीच्या किंवा पब-कंपनीच्या दावणीला बांधलेले असतात. त्यांनी सांगितलेलीच दारू विकायची. पूर्वी असं नव्हतं, खेडोपाडी पबवाला आपली बिअर आपणच करायचा. पण १९७० च्या सुमाराला आपली दारू आपणच करणारे जुने पब सगळ्या देशात चार उरले होते: हेल्स्टनचा ब्लू अँकर, बिशप्स कॅसलचा थ्री टन्स, मॅडलीचा ऑल नेशन्स आणि नेदरटनचा ओल्ड स्वान. १९७१ मध्ये चार इंग्रज तरुणांनी आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या एका पबात बसून मोठ्या ब्रुअऱ्यांच्या बेचव बिअरविरुद्ध संघटना काढली, तीच आजची कॅम्रा, पिंपात पिकणाऱ्या बिअरसाठी झगडणारी. तर हेस्केटच्या लोकांना धास्ती होती की आपलीही भट्टी कुणी बाहेरचा घेईल आणि कुलूप लावेल. १९९९ साली त्यांनी सहकारी संस्था करून भट्टी घेतली. मग पबच विकायला निघाला. २००३ मध्ये तोही घेतला, दुसरी सहकारी संस्था काढून. ब्रिटनमधला असा हा पहिला, असं तिथं अभिमानानं सांगतात. एव्हरेस्टवाले गिर्यारोहक क्रिस बॉनिंग्टन यांचं घर जवळच होतं, तेही एक भागधारक. राजपुत्र चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, येऊन गेले.

मोठ्या नावांचं मला कौतुक नाही. आमच्याही कारखान्यात मंत्री येऊन गेले, कोनशिला आहेत. मला कौतुक वाटलं ते कुत्र्याच्या मालकाचं. सत्तरीचा, मेंढ्या पाळून निवृत्त झालेला गृहस्थ. मी विचारलं, तुमचा शेअर आहे का? तो म्हणाला, आहे, आणि तू ज्या बाकावर बसलायस त्याची मोडकी फळी बदलायची की नाही यावर मागच्या बैठकीत आम्ही पाऊण तास भांडलो. मग त्यानं काउंटरमागच्या माणसाकडं बघून डोळा मारला. त्याची मागणी फेटाळली गेली होती. फळी अजून करकरत होती.

पाऊण तास एका फळीवर! आमच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून ‘मंजूर, मंजूर’ व्हायला त्याहून कमी वेळ लागायचा. एक सभासद एक मत हा नियम दोन्हीकडं सारखा, रॉचडेलपासूनचा. पण आमच्या सभासदाला कारखान्याची डिस्टिलरी कुठल्या बाजूला आहे हे वासावरून तेवढं माहीत, आत काय चालतं ते नाही. तिथल्या सभासदाच्या हातात ग्लास असतो. बिघडलं तर पहिल्या घोटाला कळतं आणि जाब विचारायला दहा पावलं चालावं लागतं. सहकार किती मोठा झाला म्हणजे तो सहकार राहत नाही, याचं माप मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं.

त्यांच्या दारूंची नावं डोंगरांची आहेत. स्किडॉ, ब्लेनकॅथ्रा, हेल्वेलिन. इंग्लंडचा सगळ्यात उंच डोंगर ९७८ मीटरचा, आपल्या कळसूबाईपुढं (१,६४६ मीटर) टेकाडच; पण माया बघा. एक नाव लिझच्या आईचं, डोरिसच्या नव्वदाव्या वाढदिवसाची एल (एल म्हणजे असल्या वर येणाऱ्या यीस्टची बिअर). आणि एका काळ्या दारूचं नाव ग्रेट कॉकअप. त्या नावाचा खराच डोंगर आहे, पण बोलीत त्याचा अर्थ होतो ‘मोठा घोळ’. जावयांनी अर्थ सांगितला तेव्हा मला आमचे काही ताळेबंद आठवले.

जावयांनी आग्रह केला म्हणून मी अर्धा पाइंट घेतला. आयुष्यातला पहिला. सौभाग्यवतींनी मान दुसरीकडं वळवली, एवढंच. चार टक्क्यांच्या आसपासची दारू, कोमट नाही पण थंडगारही नाही, भाजलेल्या हरभऱ्याची आठवण करून देणारी, मागून कडू. मला आवडली असं म्हणवत नाही. समजली असं म्हणतो.

सरकारचा हातही इथं सांगायला हवा, कारण आपल्याकडं सगळा दोष किंवा सगळं श्रेय सरकारला द्यायची रीत आहे. २००२ साली तिथले अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी वर्षाला पाच हजार हेक्टोलिटर, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत बिअर करणाऱ्यांचा कर निम्मा केला. लहानांना श्वास मिळाला. २०२३ मध्ये ती पद्धत बदलून नवी आणली. २०११ च्या एका कायद्यानं गावाला हक्क दिला की पब, दुकान अशी जागा ‘समाजाच्या मोलाची’ म्हणून नोंदवायची. ती विकायला निघाली तर गावाला पैसे जमवायला त्या कायद्यानं सहा महिने दिले. मालकानं गावालाच विकावी अशी सक्ती त्यात नव्हती, फक्त सवड.

आणि सरकारनं उलटंही करून बघितलं आहे, तेही कार्लाइलमध्येच. पहिल्या महायुद्धात जवळच्या ग्रेटना इथं दारूगोळ्याचा अवाढव्य कारखाना निघाला. हजारो कामगार, हातात पगार, संध्याकाळी सगळे कार्लाइलच्या पबांत. १९१६ मध्ये सरकारनं त्या भागातले पब आणि ब्रुअरी चक्क ताब्यात घेतल्या. पुष्कळ पब बंद केले, उरलेल्यांत जेवण ठेवलं, जाहिराती काढल्या. त्या काळी असाही हुकूम होता की दुसऱ्याला दारू पाजायची नाही, प्रत्येकानं आपली आपण विकत घ्यायची. युद्ध संपलं तरी सरकारी पब चालूच राहिले. १९७३ पर्यंत! दारू सरकारची असावी, कंपनीची असावी की गावाची, हे तिन्ही प्रयोग त्या वीस-पंचवीस किलोमीटरांत झालेत. चौथा प्रयोग आपला: कायद्यानं प्यायला परवाना लागतो, तो कुणी काढत नाही, आणि गाळणारी संस्था शेतकऱ्यांची.

आता पत्रलेखकांची बाजू. ती पोकळ नाही. रविवारी रात्री मी घरी उत्साहानं फळीची गोष्ट सांगत होतो. मुलगी भाजी चिरत होती. ती म्हणाली, “आण्णा, तुम्ही रविवारचा पब बघितला. मी सोमवारचा वॉर्ड बघते.” पिवळे डोळे, फुगलेली पोटं, तेही याच डोंगरांतून येतात, मात्र बहुतेकांनी ती दारू पबात घेतलेली नसते, सुपरमार्केटातून स्वस्तात नेऊन घरात, दार लावून प्यायलेली असते, असं तिचं निरीक्षण. मी आकडे देऊ शकत नाही, ती रोजचं बघते ते सांगतो.

आमच्या गावातही काही वर्षांपूर्वी मतदान झालं, दुकान ठेवायचं की घालवायचं. उभी बाटली म्हणजे राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. बायका उन्हात रांगेत उभ्या होत्या. ज्या दुकानाविरुद्ध त्या शिक्का मारत होत्या, त्याच्या बाटल्यांतलं स्पिरिट कदाचित माझ्याच कॉलममधून उतरलेलं असेल. सौभाग्यवती सकाळी साडेसातला गेल्या आणि येऊन मला म्हणाल्या, “आडवी केली.” मी चहा मागितला. त्यांनी दिला. त्या विषयावर आमच्यात त्यापुढं कधी बोलणं झालं नाही, हेस्केटहून परत येईपर्यंत.

परत येताना गाडीत त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. विणणाऱ्या बायकांनी त्यांना लोकरीचा एक गुंडा दिला होता, तो मांडीवर. मग म्हणाल्या, “त्या दोघी सांजच्याला रोज तितं असत्यात म्हनं. नवरा घोट घेताना बायको समोर बसल्याली. आपल्या दुकानाम्होरं एक तरी बाई उभी ऱ्हाती का?” जावई काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “ऱ्हायली असती तर मी कशाला आडवी केली असती?”

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कुठल्या बैठकीत निघाला नाही, आणि आपल्या पत्रलेखकांच्या पत्रातही तो नाही. गुत्ता आणि तो पब यांत फरक दारूच्या टक्क्यांचा आहेच, ४२.८ आणि ४ यांची तुलना मला कुणी शिकवायला नको. पण देशी दारूचं दुकान म्हणजे जाळीच्या खिडकीतून हात घालून बाटली घ्यायची, भिंतीकडं तोंड करून रिकामी करायची आणि जायचं. तिथं बसायला बाक नाही, त्यामुळं बाकाच्या फळीवरून भांडायचं कारणही नाही. माझं म्हणणं आपल्याकडं सहकारी पब काढावेत असं मुळीच नाही. कुणी काढलाच तर पहिली आडवी बाटली माझ्याच घरातून पडेल. म्हणणं एवढंच आहे की ज्या गावानं आपली दारू आपल्या नावानं, आपल्या डोळ्यांदेखत केली, तिचा चोथा आपल्या गुरांना घातला आणि हिशेब एकमेकांच्या तोंडावर मांडला, त्या गावाला विटंबनेचं बोट दाखवण्याआधी आपण अहवालातलं ते मागचं पान वाचावं आणि तिथं ‘उपपदार्थ’ हा शब्द खोडून खरा शब्द लिहावा. सभासदांना विचारावं, मंजूर का? निदान एका वर्षी तरी सभेला पाऊण तास लागेल.

त्यानंतर मी हेस्केटला गेलेलो नाही. फळी बदलली की नाही हे कळलेलं नाही. पुढच्या खेपेला मुलीला बघून यायला सांगितलं आहे.

एक विनंती. पत्र छापणार असाल तर कृपया माझं नाव छापू नये. कारखान्याची मला भीती नाही, पेन्शन तशीही फार नाही. पण तो अर्धा पाइंट आमच्या दिंडीतल्या मंडळींना अजून माहीत नाही.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट, जि. सांगली